बंद कशी करायची, हे आधी विचारा

चिंतेवरची गोळी घेणारी माणसं मला दोन प्रश्न हमखास विचारतात. याची सवय लागेल का? आणि किती दिवस घ्यायची? खरं तर हे प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत विचारायचे. पण तिथे माणूस आधीच अवघडलेला असतो, बाहेर नंबर लागलेले असतात, शेजारी सासरे किंवा मोठा भाऊ बसलेला असतो. मग चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये आल्यावर, स्ट्रिप हातात पडल्यावर, आवाज खाली करून मला विचारलं जातं. मी फार्मासिस्ट आहे. कराडच्या एस.टी. स्टँडजवळ आमचं दुकान आहे. पाटण, उंब्रज, ओगलेवाडीकडची माणसं परतीची गाडी लागायच्या आधी औषधं घेऊन जातात, त्यामुळे माझ्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत न मावणारं बरंच काही आहे. ते इथे सांगते.

तिसरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. ही गोळी थांबवायची वेळ आली की ती कशी थांबवायची? माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि तो गोळी सुरू होते त्याच दिवशी विचारायला हवा. चिंतेच्या औषधांमुळे झालेला त्रास मी काउंटरवरून जितका पाहिला, त्यातला बराचसा गोळी घेतल्यामुळे झालेला नव्हता. तो गोळी आपल्या मनाने सुरू केल्यामुळे, आपल्या मनाने लांबवल्यामुळे आणि सर्वांत जास्त म्हणजे एका दिवसात बंद केल्यामुळे झालेला होता.

लोक ‘टेन्शनची गोळी’ म्हणून जे मागतात, त्यात दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं असतात. आपल्याला कुठली दिली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या अर्ध्या चुका टळतात. पहिली जात लगेच काम करणाऱ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचायचं. शेवटी ‘झेपाम’ किंवा ‘झोलाम’ असेल तर गोळी बहुधा या घराण्यातली, म्हणजे बेन्झोडायझेपीन. जुन्या पिढीला यातली ‘काम्पोज’ आठवत असेल. ती डायझेपामच होती. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. पेशींची खळबळ आवरण्याचं काम ते करतं. या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. अर्ध्याएक तासात छातीतली धडधड कमी होते, हात थरथरायचे थांबतात, झोप लागते.

दुसरी जात सावकाश काम करणारी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही यातली नेहमीची नावं. सेरोटोनिन या रसायनाच्या व्यवहारात ही औषधं बदल घडवतात, आणि तो बदल मुरायला वेळ लागतो. दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागतात. दीर्घकाळच्या चिंताविकारावर आज डॉक्टर आधी याच औषधांचा विचार करतात, कारण ती महिनोन्महिने घेता येतात आणि त्यांची मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती चिठ्ठीवर लिहिलेली नसते. सावकाश काम करणारी गोळी पहिल्या आठवड्यात, कधी दुसऱ्यातही, बरं वाटायला लावण्याऐवजी थोडं बिघडवते. मळमळतं, डोकं दुखतं, झोप उडते, आणि कधी कधी ज्या अस्वस्थतेसाठी गोळी घेतली तीच वाढल्यासारखी वाटते. ज्याला हे आधी सांगितलेलं नसतं, तो चौथ्या-पाचव्या दिवशी स्ट्रिप परत घेऊन येतो. ‘ताई, ही मला सोसत नाही, दुसरी द्या.’ मी त्याला म्हणते, दुसरी मी देऊ शकत नाही, पण डॉक्टरांना आत्ता फोन लावा आणि काय होतंय ते सांगा. बहुतेक वेळा डॉक्टर मात्रा थोडी कमी करतात, किंवा रात्रीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. मळमळ आठ-दहा दिवसांत ओसरते. त्या आठ-दहा दिवसांत माणूस टिकला तर पुढे त्याला गुण येण्याची संधी असते. पाचव्या दिवशी सोडणाऱ्याला ती मिळतच नाही, आणि वर ‘मला औषध लागू पडत नाही’ अशी खूणगाठ तो मनाशी बांधतो.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत याच सुरुवातीच्या आठवड्यांकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. या वयात या औषधांच्या सुरुवातीला, किंवा मात्रा बदलल्यावर, आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविसाव्या वर्षापर्यंतच्या तरुणांसाठी तशी ठळक सूचना औषधांवर छापायला लावली. औषध देऊच नये असा त्याचा अर्थ नाही. मूल एकदम गप्प झालं, विलक्षण चिडचिडं झालं, रात्रभर येरझाऱ्या घालू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, एवढा अर्थ आहे.

आता आपल्याकडच्या बाजाराची एक रीत सांगते. वर सांगितलेल्या दोन्ही जाती एकाच गोळीत घालून विकल्या जातात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही जोडगोळी आमच्या कपाटात अनेक कंपन्यांच्या नावाने आहे. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. सावकाश गोळी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे लगेच आराम देणारी गोळी सोबत असावी, आणि मग ती काढून घ्यावी. पण एकाच गोळीत दोन्ही असल्या की एक काढून घेणं रुग्णाच्या हातात राहत नाही, आणि कित्येकदा त्याला आत दोन औषधं आहेत हेही माहीत नसतं. मलकापूरच्या एक शिक्षिका अशी गोळी घेत होत्या. बरं वाटत होतं, शाळा नीट चालली होती. नवरात्र आलं. नऊ दिवसांचा कडक उपवास, त्यात अन्नासोबत घ्यायची गोळी नको, म्हणून त्यांनी घटस्थापनेलाच ती बंद केली. सहाव्या माळेला त्या दुकानात आल्या तेव्हा हातातली पर्स धरवत नव्हती. मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं होतंय, झोप नाही, उगाच रडू येतंय, असं सांगत होत्या. त्यांना वाटत होतं आजार उलटला. खरं म्हणजे एकाच दिवशी त्यांची दोन औषधं तुटली होती. डोक्यातला तो झटका सावकाश काम करणाऱ्या गोळीच्या तुटण्याचा, आणि हाताची थरथर बहुधा दुसरीची. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे दोन्ही औषधं वेगवेगळ्या स्ट्रिपमध्ये लिहून दिली, म्हणजे एक एक करून कमी करता येतील. उपवास करणाऱ्या प्रत्येकीला मी तेव्हापासून आवर्जून सांगते की गोळी पाण्याबरोबर, दुधाबरोबर, केळ्याबरोबर चालते. आणि देवाला औषध वर्ज्य नाही.

लगेच काम करणाऱ्या गोळ्या इतक्या सर्वत्र कशा पसरल्या, याला इतिहास आहे. त्यांच्या आधी चिंतेवर आणि झोपेवर बार्बिट्युरेट नावाची औषधं दिली जात, आणि त्यांची थोडी जास्त मात्राही जीव घेई. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली असताना जुनं, बाजूला पडलेलं एक रसायन तपासणीला पाठवलं गेलं. ते बनवणारे लिओ स्टर्नबाख हे युरोपातून १९४१ मध्ये तिकडे गेलेले रसायनतज्ज्ञ होते. त्या रसायनाने प्राणी शांत झाले, पण बेशुद्ध पडले नाहीत. १९६० मध्ये ते लिब्रियम नावाने बाजारात आलं, १९६३ मध्ये त्याचं भावंड व्हॅलियम आलं, आणि पुढे अनेक वर्षं व्हॅलियम अमेरिकेत सर्वाधिक खपणारं औषध होतं. बार्बिट्युरेटच्या तुलनेत ही औषधं खरोखर सुरक्षित होती. या तुलनेमुळेच डॉक्टरांचा आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. मोठ्या मात्रेत घेतलेलं लिब्रियम एकदम तोडलं तर त्रास होतो हे १९६१ मध्येच नोंदवलं गेलं होतं, पण त्या नोंदीकडे गांभीर्याने बघायला फार वर्षं गेली. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की ही औषधं तीव्र चिंतेसाठी आणि दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेने तर २०२० मध्ये या घराण्यातल्या प्रत्येक औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

त्या इशाऱ्यातच ‘सवय लागेल का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, एकही गोळी जास्त न घेता, काही दिवस ते काही आठवडे सलग घेतली तरी शरीराला हिची गरज लागू शकते. याला व्यसन म्हणून कुणी हिणवू नये. व्यसनात माणूस औषधाच्या मागे धावतो, मात्रा वाढवतो, लपवतो. इथे बिचारा माणूस सांगितलं तेवढंच करत असतो. त्याचा मेंदू मात्र गोळीच्या मदतीला सरावलेला असतो. रोज बाहेरून आवर घालणारं कुणी आहे म्हटल्यावर मेंदू स्वतःचा आवर सैल करतो. गोळी अचानक गेली की खळबळ दुप्पट जोराने वर येते. घाम, कंप, झोप उडणं, घबराट. मात्रा मोठी असेल किंवा गोळी फार दिवसांची असेल तर फिटही येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते.

दरवर्षी आषाढी वारीत माउलींची पालखी आपल्या सातारा जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून पुढे जाते. आमच्या भागातले पुष्कळ जण लोणंदला जाऊन सामील होतात. रोज रात्री अल्प्राझोलाम घेणारे एक काका असेच गेले. काही वर्षांची गोळी. ‘माउलींबरोबर चालायचं तर गोळी कशाला’ म्हणून त्यांनी स्ट्रिप घरी ठेवली. तिसऱ्या दिवशी फलटणच्या अलीकडे त्यांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, पाय लटपटले. सोबतच्यांना वाटलं हार्ट अटॅक. दवाखान्यात नेलं, ईसीजी चांगला निघाला. मुलाने मला फोन केला कारण औषधांची नावं त्याला आठवेनात. मी बिलं पाहून नाव आणि मात्रा सांगितली, तिथल्या डॉक्टरांना लगेच उलगडा झाला. श्रद्धेने केलेली गोष्ट होती. पण शरीराला श्रद्धेचं कारण कळत नाही, त्याला फक्त गोळी आली की नाही एवढंच कळतं. वारीला, लग्नाला, परगावी जाताना गोळ्या मोजून, वर चार दिवसांच्या जास्त घेऊन निघा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मग थांबवायची कशी? हळूहळू, आणि डॉक्टरांच्या हाताने. कुंभार्ली घाट उतरताना आपला एस.टी.चा ड्रायव्हर खालच्या गिअरवर गाडी धरून ठेवतो, तशी मात्रा एकेक वळण घेत उतरवायची असते. इंग्लंडमधल्या न्यूकासल इथे हीदर ॲश्टन नावाच्या प्राध्यापक डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी खास दवाखाना चालवला. रुग्णाच्या वेगाने, महिनोन्महिने घेत मात्रा कमी करता येते आणि माणसं खरोखर मोकळी होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेतल्या व्यसनोपचार-तज्ज्ञांच्या संघटनेने इतर संघटनांसोबत २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्केच कमी करावेत, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त सहसा कमी करू नयेत, असं म्हटलं आहे. दिवसाला १ मिलिग्रॅम घेणाऱ्याचे दहा टक्के म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. इतक्या बारीक वाटण्या स्वयंपाकघरातल्या सुरीने होत नाहीत. म्हणून हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. कधी डॉक्टर जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर आणून मग उतरवतात, कधी वेगळ्या मात्रेच्या गोळ्या लिहून देतात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा ईआर असतं ती तर मोडायचीच नसते, कारण दिवसभर थोडं थोडं सुटणारं औषध एकदम पोटात सुटतं.

सावकाश काम करणाऱ्या गोळ्याही अशाच उतरवाव्या लागतात. त्यांच्याबाबतीत दुसरी घाई दिसते. दोन महिन्यांत बरं वाटलं की माणूस म्हणतो, झालं काम. पण बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवायला डॉक्टर सांगतात, कारण लवकर सोडलं तर चिंता परतण्याचा धोका मोठा असतो. तरुण पुरुष ही गोळी गुपचूप सोडतात त्याचं एक कारण मला माहीत आहे आणि ते स्पष्ट लिहिते: या औषधांनी कामेच्छा कमी होते, शरीरसंबंधात अडचण येते. लाजेने कुणी बोलत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. न सांगता सोडलं तर दोन्ही दुखणी पदरात राहतात.

आता सोबत काय घेऊ नये ते. दारू आणि लगेच काम करणारी गोळी ही जोडी मारक आहे. दोन्ही श्वास मंदावतात. एकत्र आल्या की झोपेतच श्वास थांबू शकतो. ट्रॅमॅडॉलसारखी जोरकस वेदनाशामकं आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांचाही धोका तोच. सर्दीच्या साध्या गोळ्या गुंगी वाढवतात, मग मोटारसायकल चालवणं, ऊस तोडणीच्या यंत्रावर, कडबाकुट्टीवर बसणं धोक्याचं. आमच्या भागात नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल फार लिहिल्या जातात. ती कॅप्सूल अल्प्राझोलामला शरीरातून बाहेर पडू देत नाही. नेहमीच्या मात्रेत माणूस दिवसभर झिंगल्यासारखा राहतो. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्याच नसतात, पण त्वचेच्या डॉक्टरांना चिंतेच्या गोळीबद्दल कुणी सांगत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन उलट करतं: गोळीचा असर उतरवतं. सावकाश गोळ्यांसोबत ट्रॅमॅडॉल घेतलं तर ताप, ताठरपणा, थरथर, भ्रम असा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि अंगदुखीसाठी रोज आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणाऱ्याच्या पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. म्हणून हाडांचे डॉक्टर असोत की दाताचे, चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवा. आयुर्वेदिक अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी घेत असाल तर तेही सांगा. झोप आणणारं दुसरं औषध म्हणून त्याची नोंद व्हायला हवी.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल नावाची तिसरीच गोळीही देतात. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी हृदयासाठी शोधलेलं हे औषध. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. भाषणाआधी, मुलाखतीआधी हृदयाची धडधड आणि हातांची थरथर ते थांबवतं. पण दम्याच्या रुग्णाने घेतलं तर श्वासनलिका आवळून जीव घाबरा होतो. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तर धडधडीची जी खूण मिळते तीच ते झाकून टाकतं. ‘शेजाऱ्याला गुण आला’ म्हणून ही गोळी मागायला येणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. आणि धडधड प्रत्येक वेळी मनाचीच नसते. थायरॉइड, रक्त कमी असणं, दम्याचा पंप, दिवसाचे आठ कप चहा, यांनीही छाती धडधडते. एखादी रक्ततपासणी आधी झालेली बरी.

घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत लगेच काम करणाऱ्या गोळ्यांबद्दल मी फार सावध असते. साठीनंतर या गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. निरोगी प्रौढात अल्प्राझोलाम निम्मं व्हायला सरासरी अकरा तास लागतात, म्हाताऱ्या माणसात सोळाच्या आसपास. डायझेपामचा अंश तर कित्येक दिवस टिकतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, आणि खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुन्हा पूर्वीसारखं क्वचितच चालतं. विसरभोळेपणा वाढला तर घरचे ‘वय झालं’ म्हणतात, गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सावकाश गोळ्यांनी म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अचानक गळाठा आला, बोलणं भरकटलं तर रक्त तपासून घ्या. आणि हे वाचून कुणी आपल्या आईची वर्षानुवर्षांची गोळी उद्यापासून बंद करू नका. डॉक्टरांकडे न्या आणि विचारा.

दुकानातल्या नियमांबद्दल लोक रागावतात, म्हणून तेही सांगते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधं १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ या परिशिष्टात आहेत. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे मला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक ते तपासतात. ‘माझं नाव पोलिसांत जाईल का’ असं घाबरून विचारणाऱ्या बायका येतात. नाही जात. आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल, तर ती चिठ्ठी एकदाच चालते. दोन वर्षांपूर्वीची, घड्या पडून फाटलेली चिठ्ठी दाखवून गोळी मागणाऱ्याला मी परत पाठवते तेव्हा माझं गिऱ्हाईक जातं. पण त्या गोळीची गरज अजून आहे का, हे दोन वर्षांत कुणीच पाहिलेलं नसतं, आणि ते पाहणं माझ्या हातात नाही. मात्र ज्याची गोळी आज रात्री संपते आहे आणि डॉक्टर गावाला गेले आहेत, त्याला मी नुसतं ‘नाही’ म्हणून घालवत नाही. डॉक्टरांना फोन लावते, नाहीतर सरकारी रुग्णालयात पाठवते, कारण एकदम तुटलं तर काय होतं ते मला माहीत आहे.

गोळी रंगावरून ओळखू नका. कंपनी बदलली की गुलाबीची पांढरी होते. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे. घरी आल्यावर आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. आम्ही कात्रीने कापून पाच गोळ्या दिल्या तर त्या तुकड्यावर नाव आणि मुदत कधी कधी राहत नाही, म्हणून बिल मागा. त्यावर दोन्ही असतं. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीही नाही. गरोदर राहिल्याचं कळताच घाबरून औषध तोडू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मध्यरात्री मन फारच बिथरलं, कुणाशी बोलावं कळेना, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. गोळी हा उपचाराचा एक भाग आहे; समुपदेशनाने चिंतेशी वागायची पद्धत शिकता येते, आणि ते जमू लागलं की गोळी उतरवणंही सोपं जातं.

आणि डॉक्टरांनी गोळी पुरती थांबवल्यावर जी अर्धी स्ट्रिप उरते, ती कपाटात ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवू नका. सुनेला परीक्षेचं टेन्शन आलं, मुलाला झोप लागेना, की तीच स्ट्रिप बाहेर निघते. लहान मुलांच्या हाती लागली तर आणखी वाईट. आमच्याकडे आणून द्या, आम्ही मुदत संपलेल्या मालाबरोबर ती वेगळी ठेवतो. फक्त गोळ्या पट्टीतून काढून पुडीत बांधून आणू नका. पट्टीवरचं नाव वाचता आलं तरच ते औषध कुठलं हे आम्हाला कळतं.